थंड जागी हलवून पाहा

उबुंटू नावाचं लिनक्स सीडीवरून चढवताना मध्येच अडकलं की पडद्यावर एक चौकट यायची. तिच्यातल्या इंग्रजी मजकुराचा गोषवारा असा: फायली हार्डडिस्कवर उतरवताना गडबड झाली आहे. बहुतेक वेळा सीडी खराब असते, नाही तर ड्राइव्ह, नाही तर हार्डडिस्क. सीडी पुसून पाहा. कमी वेगाने पुन्हा बर्न करून पाहा. ड्राइव्हची लेन्स साफ करा, त्याचा संच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. हार्डडिस्क म्हातारी झाली आहे का ते बघा. आणि सगळ्यात शेवटी, दारात चपला घालता घालता आठवल्यासारखं: संगणक जरा थंड जागी हलवून पाहा.

हे शेवटचं वाक्य ज्याने लिहिलं तो मे महिन्यात नागपूरला आलेला नाही.

२३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बऱ्याच सीडी ड्राइव्हच्या माहितीपत्रकात कामाचं तापमान ५ ते ४५ अंश असं छापलेलं असतं. म्हणजे कागदोपत्री बघितलं, तर मेच्या भर दुपारी नागपुरात सीडी वाचणं हे ड्राइव्हच्या कर्तव्यात बसतच नाही. यंत्रांचं आणि आमच्या उन्हाचं एकूणच जमत नाही. मे २०२४च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद करून टाकली. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने खुलासा केला की संवेदक बिघडला होता, खरं तापमान पुष्कळ खाली होतं. नागपूरकरांना त्या खुलाशाचं वाईट वाटलं. इतकं सोसल्यावर एका तरी यंत्राने आपली बाजू घेतली होती, तेही खोटं निघालं.

लिनस टोरवाल्ड्स या पोराने ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्स जगापुढे आणलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि हेलसिंकीत राहत होता. तिथे थंड जागा म्हणजे घराबाहेरची कोणतीही. आमच्याकडे थंड जागा म्हणजे कूलरच्या तोंडासमोरची, आणि तिथला क्रम ठरलेला असतो. आधी आजोबा, मग बाहेरगावचा पाहुणा, मग बारावीला असलेलं पोर, मग जेवून आडवं झालेलं कोणीही. सीपीयूचा नंबर या यादीत लागत नाही. त्यातून कूलरची हवा ओली. वाळ्याच्या ताट्यांतून आलेला वारा माणसाला सुखाचा वाटतो, मदरबोर्डला तो पावसाळाच.

थंड जागेचं हे ज्ञान मला २००८च्या उन्हाळ्यात बहिणीच्या घरी, नागपूरच्या नंदनवन वस्तीत झालं. भाऊजींचं इतवारीत दुकान, भाचा इंजिनीअरिंगला. घरच्या संगणकावर विंडोज एक्सपी होतं, आणि ते कुठून आलं हे कोणी कोणाला विचारत नसे. असेंबल करून देणारा पोरगा ते सोबत घालूनच देत असे, जसं दुचाकी घेताना हेल्मेट मिळतं. त्या एक्सपीत ‘न्यू फोल्डर’ नावाचा व्हायरस शिरला. फोल्डर समजून उघडावं तर तो आणखी पिल्लं घालायचा. भाच्याने जाहीर केलं की आता लिनक्स टाकायचं, त्यावर व्हायरस येत नाही.

भाऊजींच्या दुकानाचा सगळा हिशोब टॅलीत होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “टॅलीले धक्का लागणार नाही न?”

“बॅकअप घेतला बाबा. सीडीवर,” भाचा म्हणाला. विषय तिथे संपला.

त्या काळी लिनक्स मिळवायचे तीन रस्ते होते. पहिला मासिकांचा. नव्वदीच्या दशकात पीसीक्वेस्टसोबत लिनक्सची सीडी येई, २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स फॉर यू’सोबतही येई. ती कारखान्यात छापलेली, म्हणजे खड्डे थेट प्लॅस्टिकमध्ये उमटवलेली पक्की चकती. दुसरा रस्ता टपालाचा. मार्क शटलवर्थ हा दक्षिण आफ्रिकेचा गृहस्थ २००२ मध्ये स्वतःच्या पैशाने अंतराळात जाऊन आला आणि २००४ मध्ये त्याने उबुंटू काढलं. त्याची कंपनी मागेल त्याला जगात कुठेही फुकट सीडी पाठवायची, टपालखर्चही न घेता. २०११ पर्यंत हा प्रकार चालू होता. भाच्याने मागणी नोंदवली होती. शेजारचे निवृत्त काकाजी मात्र साशंक होते.

“फुकट? काहून?”

“काकाजी, तो अंतराळात जाऊन आला आहे,” भाचा म्हणाला.

“मग त्याले परवडते. पण मागून बिल येईन, सांगून ठेवतो.”

सीडी आली ती पावसाळ्यात. तोवर थांबेल तो भाचा कसला! राहिला तिसरा रस्ता: स्वतः उतरवा आणि बर्न करा. त्या काळच्या ब्रॉडबँडच्या योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असण्याची पद्धत होती. आता हिशोब करा. २५६ केबीपीएसच्या तारेवरून सहा तासांत, तार ठणठणीत असली आणि लाइन गेली नाही तर, जेमतेम ६७५ एमबी उतरतात. उबुंटूची फाइल सातशेच्या काठावर. म्हणजे ही योजना आखणाऱ्याने आणि ही फाइल बनवणाऱ्याने, एकमेकांना न भेटता, मिळून असा बेत केला होता की नागपूरच्या माणसाला शेवटचे पंचवीस एमबी दुसऱ्या रात्रीसाठी ठेवावे लागावेत. दोन रात्रींत सांधलेली फाइल नीट आली की नाही हे बघायला एमडी५ नावाची बत्तीस अक्षरांची खूण असते. एकाने संकेतस्थळावरची वाचायची, दुसऱ्याने पडद्यावरची ताडायची. प्रत्यक्षात सगळे पहिली चार आणि शेवटची चार बघतात आणि “जमलं” म्हणतात.

घरच्या ड्राइव्हला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन भाचा जवळच्या सायबर कॅफेत गेला. मीही गेलो, कारण तिथे एसी होता. काउंटरवर कोऱ्या सीडींचा पन्नासचा डबा उन्हाच्या पट्ट्यात ठेवलेला. कोऱ्या सीडीत खड्डे नसतात, रंगाचा एक पातळ थर असतो. लेझर तो भाजून त्यावर डाग पाडतो आणि वाचणारा ड्राइव्ह त्या डागांना खड्डे समजतो. उष्णता आणि ऊन हे त्या रंगाचे वैरी. इथे त्या डब्यावर लेझरच्या आधी सूर्याने हात फिरवला होता.

“आठ एक्सवर बर्न कर न भाऊ,” भाचा म्हणाला.

“आठ एक्सवर तर संध्याकाळ होईन. बावन्न एक्सची हाय न सीडी.”

ऐंशी मिनिटांची सीडी आठ एक्सवर दहा मिनिटांत होते. बावन्नवर तीनेक मिनिटांत. वाचणार होती ती सात मिनिटं, आणि ज्या शहरात “येऊन राहिलो” म्हणणारा माणूस अजून अंघोळीला गेलेला नसतो, तिथे नेमकी या सात मिनिटांची घाई. सीडी गरम गरम हातात आली. भाच्याने ती बनियनला पुसली, गोल गोल.

इथे जरा थांबतो, कारण सीडी गोल पुसणं हा राष्ट्रीय गैरसमज आहे. सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच लांबलचक वळणावर लिहिलेली असते. मधून काठाकडे सरळ ओरखडा पडला तर तो प्रत्येक वळणाला निसटता कापतो, आणि अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट भरून काढण्याची सोय सीडीच्या रचनेतच आहे. ओरखडा गोल पडला तर तो वळणाच्या अंगावरूनच चालत जातो. मग कुठलं गणित त्याला पुरणार? म्हणून पुसायचं ते मधून बाहेर, सरळ. हे मी लग्नाच्या सीडीबाबतही सांगून पाहिलं आहे, पण लग्नाच्या सीडीत दोन फेरे उडाले तर कोणाचं बिघडत नाही. उबुंटूच्या सीडीवर सगळी व्यवस्था दाबून, आवळून गठ्ठ्यांत बसवलेली असते. तिथे थोडंसं जरी चुकलं तरी तो अख्खा गठ्ठा वाया जातो.

दुपारी काम सुरू झालं. भाषा निवडा, कळफलक निवडा, मग जगाचा नकाशा. आपण कुठे राहतो तिथे टिचकी मारायची. भाच्याने अगदी भारताच्या मध्यावर, झिरो माइलच्या दगडावर बसेल अशी टिचकी मारली. खाली उमटलं: कोलकाता. साऱ्या भारताला एकच वेळ असल्याने संगणकांच्या जगात एकच गाव पुरतं, आणि ते गाव कोलकाता आहे. काकाजींना हे फार लागलं. “इंग्रजांनी मोजणीचा दगड नागपुरात लावला अन् घड्याळ तिकडे नेलं?” मग डिस्कची विभागणी झाली, जुनं ते पुसलं गेलं आणि पट्टी सरकू लागली. चाळिशीत गेल्यावर ड्राइव्हमधून खर्रर्र असा आवाज आला. थांबला. परत आला. आणि ती चौकट आली.

चौकटीच्या डोक्यावर लिहिलं होतं: एरर नंबर पाच.

“पाचवी चूक,” काकाजी म्हणाले, “मग पहिल्या चार कोणत्या?”

भाच्याला त्या पाठ होत्या. या क्रमांकांची परंपरा जुन्या युनिक्सपासूनची आहे. एक: परवानगी नाही. दोन: अशी फाइल अस्तित्वात नाही. तीन: अशी कोणतीही प्रक्रिया चालू नाही. चार: काम मध्येच खंडित झालं. पाच: आत-बाहेर करताना अडचण आली.

काकाजींची नोकरी एका सरकारी कचेरीत झालेली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हे तर आमच्याच ऑफिसातून निघालेलं दिसते.”

अर्ध्यात अडकलेल्या इन्स्टॉलेशनची खरी गंमत अशी की तोपर्यंत मागचे दोर कापलेले असतात. डिस्क आधीच पुसली गेली, म्हणजे एक्सपी गेलं. संगणक सुरू कसा करायचा हे ठरवणारा ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम अगदी शेवटी बसतो, तो बसलेला नाही, म्हणजे लिनक्स आलं नाही. मधल्या काळात तुमच्या घरी एक महागडा पंखा असतो. तेल गेलं, तूप गेलं आणि धुपाटण्याचा हप्ता अजून फिटायचा आहे.

त्यानंतर उपाय सुरू झाले. सीडी पुसली, या वेळी सरळ. लेन्स साफ करायचा संच म्हणजे एक सीडीच असते, तिला खालून बारीक ब्रश चिकटवलेले. बर्डीच्या बाजारातून ती आणली. बहिणीने सुचवलं की ओरखड्यावर टूथपेस्ट लावतात. समोरच्या वहिनींनी ‘थंड जागी’ हे शब्द ऐकून सीडी फ्रीजमध्ये ठेवा म्हटलं. ती ठेवली गेली, कैरीच्या पन्ह्याशेजारी, आणि बाहेर काढल्यावर तिला असा घाम आला की ड्राइव्हने ती जिभेवर घेतलीच नाही. काकाजी म्हणाले, सरकारनं बी काढलं न एक लिनक्स, ते टाकून पाय. ते खरं होतं. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाचं लिनक्स आणलं होतं, भारतीय भाषांची सोय त्यात होती. पण तेही सीडीवरूनच टाकायचं होतं आणि ड्राइव्ह तोच होता. मग संगणकाचं एक बाजूचं झाकण काढून कूलरसमोर ठेवला गेला. आजोबांनी हरकत घेतली नाही, फक्त खाट तिरपी करून घेतली.

प्रत्येक वेळी पट्टी निराळ्या जागी अडकत होती. कधी चाळिशीत, कधी साठीत, एकदा तर नव्वदीच्या दारात जाऊन. आणि इथेच, मला वाटतं, या विद्येत एक खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे. प्रत्येक वेळी त्याच टक्क्यावर अडकलं तर दोष सीडीचा. तिथला डाग काही जागा बदलत नाही. निरनिराळ्या टक्क्यांवर अडकलं तर सीडीला बिचारीला सोडा. मग संशय उष्णतेवर, केबलवर, नाही तर मेमरीवर. मेमरी तपासायची सोय त्याच सीडीच्या पहिल्या मेनूत असायची, खालच्या बाजूला. तिथे सीडी तपासायचाही पर्याय असायचा. दोन्हींकडे कोणी बघत नसे, कारण त्यांना वेळ लागायचा आणि त्या वेळात आपण काहीतरी करतोय असं घरच्यांना दिसत नसे. फ्रीजमध्ये सीडी ठेवताना दिसायचं.

चौकटीबद्दल एवढं मात्र म्हणेन की तिच्याइतकं प्रामाणिक घरात कोणी नव्हतं. तिला फक्त वाचता आलं नव्हतं, का आलं नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि ती ‘बहुतेक वेळा’ म्हणून बोलत होती. बाकी आम्हा सगळ्यांना कारण पक्कं माहीत होतं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं होतं.

थंड जागेचा शोध शेवटी भाऊजींनी लावला. तेव्हा मे महिन्यात आमच्याकडे अर्धं गाव गच्चीवर झोपायचं. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारायचं, वाफ निघून जाऊ द्यायची, रात्री गाद्या टाकायच्या. “माणसं वर झोपून राहिली तर मशीन काहून खाली?” भाऊजी म्हणाले. या वाक्यात खोट काढता येईना. मग सतरा इंची जुना काचेचा मॉनिटर दोघांनी जिन्यातून उचलून नेला. तो तसा मॉनिटर ज्याने कधी उचलला नाही, त्याला संगणकाच्या वजनाविषयी बोलण्याचा अधिकार नाही. मागे सीपीयू, कळफलक, आणि एकाला एक जोडत खालच्या बैठकीपासून वर नेलेले एक्स्टेन्शन बोर्ड. आजोबांच्या उशाशी स्टुलावर सगळं मांडलं. पहाटे तीनच्या सुमाराला हवा जरा उतरली, म्हणजे तिशीत आली, आणि भाच्याने बटण दाबलं.

आजूबाजूच्या गच्च्यांवरची माणसं एकेक करून उठून बसली. अंधारात एवढा मोठा उजेड, त्यात सरकणारी पट्टी. कोणाला वाटलं मॅच आहे.

“कितीक झालं?” पलीकडून आवाज आला.

“अट्ठावीस.”

“कोन खेळून राहिलं?”

पट्टी पुन्हा अडकली. खर्रर्र आवाज सगळ्या गल्लीने ऐकला. त्यावर तिसऱ्या गच्चीवरून, चादरीच्या आतून, कोणीतरी विचारलं, “रॅम घासली का?”

तो असेंबल करून देणारा पोरगा होता. एक्सपी ज्याने घातलं तोच. कठड्यावरून उड्या मारत तो आला, बाजूच्या लहान मुलाच्या दप्तरातून त्याने खोडरबर मागवलं, सीपीयूतून रॅमची पट्टी उपटली आणि तिचे पिवळे दात शाळेतल्या शुद्धलेखनाची चूक पुसावी तसे घासले. फुंकर मारली. टकटक करून परत बसवली. शेजारच्या खाचेतल्या दुसऱ्या पट्टीचंही तसंच केलं. “धूळ अन् ओल. कूलरपुढं ठेवलं होतं न?” आजोबा झोपलेले असल्याचं दाखवत होते.

त्या चौकटीत सगळं होतं, रॅमचं नाव नव्हतं. आणि खोडरबर तर जगातल्या कुठल्याच कंपनीच्या माहितीपुस्तकात सापडणार नाही. पण हिंदुस्थानातले निम्मे संगणक त्याच्यावर चालले, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पडद्यावरची पट्टी चाळीस ओलांडून गेली. साठ. नव्वद. ग्रब बसला. पूर्वेकडे फटफटायला लागलं तेव्हा सीडी बाहेर काढा आणि एंटर दाबा असा हुकूम आला. एंटर दाबल्यावर पडद्यावर तपकिरी रंगात एक बगळा उमटला. गच्चीवर टाळ्या पडल्या. श्रेयाची वाटणी लगेच झाली. काकाजी म्हणाले, थंडाव्याचा गुण. वहिनी म्हणाल्या, फ्रीजचा, फक्त उशिरा आला. पोरगा म्हणाला, रॅम. भाचा काही म्हणाला नाही, तो नुसता बगळ्याकडे बघत होता. नेमकं कशाने जमलं हे कळायला एकेक उपाय वेगळा करून बघायला हवा होता, आणि इथे थंड हवा, घासलेली रॅम आणि कूलरपासूनचं अंतर हे तिन्ही एकाच पहाटे एकत्र आले होते. मला स्वतःला पोरगा बरोबर वाटतो. पण काकाजींशी वाद घालून नंदनवनात राहता येत नाही.

भाऊजी गादीवर उठून बसले, चष्मा लावला.

“झालं?”

“झालं बाबा.”

“मग टॅली दाखव.”

भाच्याने सांगितलं की टॅली विंडोजचं, इथे सरळ चालणार नाही. मधे एक प्रोग्राम टाकून चालवता येतं म्हणतात, बघू. पण बॅकअप आहे न. तो खाली गेला आणि बॅकअपची सीडी घेऊन आला. तिच्यावर निळ्या मार्करने ‘टॅली’ आणि तारीख लिहिली होती. त्याने ती ट्रेमध्ये ठेवली. ट्रे आत गेला. उजाडता उजाडता, सगळ्या गल्लीच्या साक्षीने, ड्राइव्हमधून खर्रर्र असा आवाज आला.

“ही कुठे बर्न केली होती?” मी हळूच विचारलं.

“मामा,” भाचा त्याहून हळू म्हणाला, “त्याच डब्यातली आहे.”